डावे बूट

“ताई, हे पानावर नाहीये.”

हेडफोनमधून काचेपलीकडच्या मुलीचा आवाज आला तेव्हा मी वाक्याच्या ऐन मधोमध होते. मोठ्यानं पुस्तकं वाचायची आणि ती ध्वनिमुद्रित करून द्यायची, हा माझा धंदा. या धंद्यात वाक्याच्या मध्येच अडवणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढणं. तरी सवयीनं मी टाळी वाजवली. चूक झाली की टाळी वाजवायची असते. तिच्या पडद्यावरच्या रेघांत एक उंच काटा उभा राहतो आणि मागाहून कापाकापी करताना तिला चूक शोधत बसावं लागत नाही. पण टाळी वाजवून झाली आणि मला कळेना की चूक नक्की कोणाची. “काय नाहीये पानावर?” मी विचारलं. “डावे बूट,” ती म्हणाली. “तो मुलगा उठून सगळ्यांचे डावे बूट लपवतो, हे कुठून वाचलंत तुम्ही?” मी हसले. मुलगी हुशार आहे, माझा श्वास चुकला तरी तिला ऐकू येतो, पण आज तिच्या हातातली प्रत बहुतेक पान गाळून छापलेली असावी असं मला वाटलं. मग मी माझ्या पानाकडे पाहिलं. माझं बोट ओळीवर होतं, जीभ भलतीकडेच गेली होती. त्या ओळीत बूट होते, पण ते मुलांच्या दोन्ही पायांत होते आणि मुलं चालत होती.

मी थोडा वेळ मागितला. ती “चहा आणते” म्हणून उठून गेली आणि मी त्या खोक्याएवढ्या खोलीत एकटी उरले. भिंतींना करडा फोम, टेबलावर पानांचा आवाज गिळणारं जाड कापड, पेल्यात कोमट पाणी, बशीत सफरचंदाची फोड. कारण तोंड कोरडं पडलं की जिभेची चटचट माइक आधी पकडतो आणि शब्द मागाहून. हातात बांगड्या नाहीत, पायांत चप्पल नाही, ती दाराबाहेर. उपाशीपोटी यायचं नाही, नाहीतर युद्धाच्या ऐन धामधुमीत आपलं पोट बोलायला लागतं. हे सगळे नियम मी स्वतः घालून घेतलेत आणि ते मोडणाऱ्या नव्या वाचकांना मी बरंच बोलूनही घेते. त्यातला पहिला नियम असा, की पुस्तक आधी दोनदा मनात वाचायचं, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची आणि मगच खोलीत पाऊल टाकायचं. हे एवढं एकच पुस्तक असं होतं की ज्याचं शेवटचं प्रकरण मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कशाला पाहायचं? ते मला सातव्या वर्षापासून तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरात फिरायला कुणी नकाशा घेत नाही.

पुस्तक तसं सगळ्यांना माहीत असलेलं, दोन पिढ्यांनी वाचलेलं. आकाशात, चंद्राच्याही पलीकडे, एक पोकळ दगड फिरत असतो आणि त्याच्या पोटात मुलांची शाळा असते. शाळा कसली, छावणीच. शत्रू कुणी पाहिलेला नाही. एवढंच कळलेलं असतं की तो कानांवर जगतो, आणि शेकडो लहान पावलं एका ठेक्यात पडली की त्या हादऱ्यानं त्याची जहाजं तडकतात. मोठ्यांची पावलं जड, ती कामाची नाहीत. म्हणून मुलं. म्हणून दहा-अकरा वर्षांची पोरं आईच्या कुशीतून उचलून आणायची, लोखंडी टाचांचे बूट त्यांच्या पायांत चढवायचे आणि डावा-उजवा, डावा-उजवा एवढंच शिकवत राहायचं, झोपेतही पाय हलेपर्यंत. त्यातला एक मुलगा सगळ्यांत सरस निघतो. त्याला पुस्तकभर नाव नाही, ‘पहिला’ एवढंच म्हणतात. त्याची धाकटी बहीण घरी असते. ती दाराच्या पायरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची पावलं ऐकत असते, यातलं कुठलं त्याचं म्हणून. पुस्तकात ती अगदी थोडा वेळ येते, पण मला ते पुस्तक तिचंच वाटायचं, कारण पायरी आमच्याकडेही होती आणि दादा आमच्याकडूनही जाणार होता.

दादा अकरा वर्षांचा, मी सात. मी सतत त्याच्या मागे असायची म्हणून तो मला शेपूट म्हणायचा. आजही म्हणतो, आता शेपटीचे केस पांढरे झाले तरी. बाबा नाकासमोर चालणारे, आणि आपल्या पोराचं नाक एका जागी राहत नाही याचा त्यांना घोर. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की दूर एक सैनिकी शाळा आहे, तिथे पोरं राहतात, पहाटे उठतात आणि माणसं होऊन परत येतात. दादा परीक्षेला बसला आणि कसा कोण जाणे, पास झाला. घरात पेढ्यांऐवजी बूट आले. काळे, चकचकीत, नाडीचे आणि एक नंबर मोठे. “पाय वाढतात, बूट वाढत नाहीत,” बाबा म्हणाले, आणि त्यावर कुणाची काही बोलायची टाप नव्हती. दादा ते घालून खोलीभर चालला तर पाय आधी जायचे आणि बूट मागून यायचे. आई हसली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिलंय.

जायच्या आधीच्या त्या आठवड्यांत तो मला रोज संध्याकाळी जिन्यात घेऊन बसायचा आणि हे पुस्तक वाचून दाखवायचा. रद्दीच्या दुकानातून आणलेलं, दोऱ्यानं बांधलेलं, वास येणारं पुस्तक. तिथे जाळीच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि ती पायरी-पायरीनं वर सरकत जायची. ती वरच्या मजल्याला टेकली की आई हाक मारायची. दादा वाचायचा भिकार. स्वल्पविराम गिळायचा, नाक ओढायचा, शत्रूचा आवाज काढताना थुंकी उडवायचा. आज माझ्या खोलीत कुणी तसं वाचलं तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवीन. पण वाचन म्हणजे काय हे मी त्या जिन्यात शिकले. समोरचा माणूस पुढचं वाक्य येईपर्यंत श्वास घ्यायला विसरला पाहिजे, बाकी सगळं नंतरचं. आणि हा तोच दादा, ज्यानं मला कधी खोडरबराचा अर्धा तुकडा दिला नाही, खिडकीची जागा दिली नाही, ताटातल्या शेवटच्या घासावर कधी पाणी सोडलं नाही. रोज संध्याकाळी हा माणूस माझ्याजवळ बसून का वाचतो, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सात वर्षांच्या माणसाला सगळं आपल्या हक्काचंच वाटतं.

शेवटचं प्रकरण त्यानं निघायच्या आदल्या संध्याकाळी वाचलं. मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी मोठी लढाई असते, सगळी मुलं रांगेत उभी राहणार असतात, आणि पहाटे ‘पहिला’ उठतो आणि अनवाणी पावलांनी सगळ्यांचे डावे बूट गोळा करतो. फक्त डावे. मग ते पाण्याच्या टाकीत टाकून देतो. शिट्टी होते. पोरं धावत येतात, एका पायात बूट, एक पाय उघडा. सेनापती ओरडतो, “डावा!” तर थप्प. “उजवा!” तर खाड्. थप्प, खाड्, थप्प, खाड्. मग कुणाचा तरी उघडा पाय गारठतो, तो लंगडी घालायला लागतो, त्याचं बघून दुसरा, आणि पाच मिनिटांत पाचशे पोरं त्या दगडाच्या पोटात लंगडी घालत असतात. कसला ठेका आणि कसलं काय! तिकडे शत्रू कान लावून बसलेला. त्यानं आयुष्यात असला आवाज ऐकलेला नसतो. तो विचार करतो, ही माणसं लढतायत की काय करतायत? आणि मग त्याला हसू फुटतं. त्याचं हसू दुर्बिणीतून सुद्धा दिसतं, असं दादा म्हणाला, आणि मी ते बिनतक्रार मान्य केलं. हसणाऱ्याशी लढता येत नाही. युद्ध बारगळतं. सगळी पोरं लंगडी घालत आपापल्या घरी जातात, आणि पायरीवर बसलेल्या बहिणीला लांबूनच एका बुटाचा आवाज येतो आणि तिला कळतं, आलाच. “संपलं,” दादा म्हणाला, आणि त्यानं पुस्तक फाटकन मिटलं. मी हसून हसून जिन्यावर लोळत होते. ऊन वरच्या मजल्यावर गेलं होतं आणि आई हाका मारत होती.

तेव्हापासून आज सकाळपर्यंत माझ्यासाठी या पुस्तकाचा शेवट हा एवढाच होता. पुढे कधीतरी मी ती जुनी प्रत काढली तेव्हा मागची पानं नव्हती, नुसता दोरा लोंबत होता. मला वाटलं, जुनं पुस्तक, झडली असतील. आता आठवलं की कानशिलं तापतात, इतक्या वेळा इतक्या लोकांनी मला सावध करायचा प्रयत्न केला होता. एकदा एका समारंभात एक गंभीर गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, “त्या कादंबरीच्या शेवटानं मला आठवडाभर झोप नव्हती.” मी म्हटलं, “माझं तर पोट दुखत होतं हसून हसून.” त्या गृहस्थांनी पुढे मला ओळख दाखवली नाही. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, की त्या बहिणीचा विचार करून अजून रडू येतं. मीही मान हलवली, आनंदाश्रू म्हणून. लोक जरा हळवेच असतात, असं मी मनात म्हणायची. काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर काखेत दुसऱ्याच घरचा कळसा होता.

आणि गंमत अशी की दादानंही तेच केलं. शाळेत जाऊन तिसरा महिना लागतोय न लागतोय तोच एका सकाळी बाबा न जेवता घाईघाईनं स्टेशनवर गेले आणि दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन परत आले. पाहुणे येणार होते, कसलीशी मोठी परेड होती, आणि पहाटे अख्ख्या तुकडीचे डावे बूट गायब. दुपारी ते शाळेच्या पाण्याच्या टाकीत सापडले. कुणी केलं म्हणून विचारल्यावर दादानं लगेच हात वर केला. बाबा वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. गल्लीत त्याला जनरल म्हणायला लागले. पुढे तो पाणीपुरवठा खात्यात चिकटला, तेव्हा बाबा आयुष्यात एकदाच विनोद करून म्हणाले, “अखेर टाकीतच गेला म्हणायचा.” पण मला एका गोष्टीचं अजिबात नवल वाटलं नव्हतं. मी त्या दिवशीही पायरीवर होते, रोजच असायची. लांबून बाबांची नीट पावलं ऐकू आली आणि त्यांच्या मागून खाड्, थप्प, खाड्, थप्प. त्याचाही डावा बूट टाकीत भिजून वाळायचा राहिला होता. “आलाच,” मी म्हटलं. पुस्तकात लिहिलंच होतं की. पुढे कितीदा तरी मी लोकांना सांगितलं, की वाचनाचा मुलांवर परिणाम होतो यावर माझा विश्वास आहे, माझा भाऊ एका पुस्तकामुळे घरी आला.

दादाला ती सवय आयुष्यभर राहिली. त्याच्याकडे आलेल्या माणसानं जाऊ नये असं त्याला वाटलं की त्या माणसाची डावी चप्पल नाहीशी होते. वहिनी म्हणते, “पाहुण्यांच्या चपला शोधण्यात माझा जन्म गेला. त्या विमेवाल्याची मात्र एकदा हरवेल तर शपथ.” माझी तर दरवेळी जाते, बादलीत, उशीखाली, एकदा तर पिठाच्या डब्यावर सापडली. मी दरवेळी चिडते. अलीकडे त्याचे डोळे गेल्यातच जमा आहेत, उजेड आणि सावली एवढंच कळतं, तरी माझी चप्पल तो हातानं चाचपून बरोबर ओळखतो. डोळे गेले तसा तो मी वाचलेली पुस्तकं ऐकायला लागला. एक ऐकून झालं की फोन करून खोड काढतो. “तो खलनायक सर्दी झाल्यासारखा का बोलतो?” आणि चार महिन्यांपूर्वी म्हणाला, “शेपूट, ते आपलं पुस्तक वाच की. जिन्यातलं.” मी म्हटलं, ते करायचंच आहे, नवी आवृत्ती आलीये. म्हणजे हे जे मी वाचतेय ते ऐकायला जगात कुणी बसलं असेल नसेल, दादा बसणार होता.

मी बोट पहिल्या ओळीवर परत आणलं आणि ते प्रकरण मनात वाचलं, जे मी महिनाभर आधी वाचायला हवं होतं. लहानसं आहे. कुणी बूट लपवत नाही. शिट्टी होते, मुलं रांगेत येतात, पावलं पडतात आणि शत्रूकडचा आवाज थांबतो. जिंकतात. मग मुलांना घरी सोडायची वेळ येते तेव्हा ‘पहिला’ जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो, कारण जिना उतरताना ठेका मोडतो आणि त्याच्या पायांना ते आता येत नाही. तो राहतो. नवीन पोरं येतात, त्यांना तो डावा-उजवा शिकवतो. शेवटचा परिच्छेद बहिणीचा आहे. ती पायरीवर बसते, मोठी होते, पावलं ऐकते, आणि एके दिवशी ऐकायचं सोडून देते. खाली कोरी जागा आणि पान संपतं. पुस्तक वाईट नव्हतं. चांगलं होतं, फार चांगलं, असा शेवट लिहायला धैर्य लागतं. पण माझं बोट वेगळ्याच गोष्टीपाशी अडलं होतं. बूट पुस्तकात नव्हते. कधीच नव्हते. मग दादानं त्या शाळेत केलं ते कुठलं वाचून?

एखाद्या खोलीत पन्नास वर्षं राहावं आणि एके सकाळी कळावं, की जिला आपण भिंत समजत होतो ते दार आहे. मला भीती वाटली. दाराची भीती वाटतेच. एक तर असं असेल, की पानं खरंच झडलेली होती, दादाला जे सुचलं ते त्यानं ठोकून दिलं, पुढे शाळेत खोडी सुचली तीही तीच, आणि खोडकर पोराला हाकलून दिलं, संपलं. बाबांचं म्हणणं तेच होतं. मग मी ज्याला माझ्यासाठी आलेला समजत होते तो नुसता हाकललेला मुलगा, आणि आता या वयात, डोळे गेलेल्या त्या माणसाच्या कानांत मी माझ्या तोंडानं ओतणार, की बाबा रे, खरा शेवट असा आहे, तो भाऊ येत नाही आणि ती बहीण वाट पाहायचं सोडते. किंवा दुसरं काहीतरी असेल. त्या दुसऱ्याचं नाव घ्यायलाही मी धजत नव्हते, कारण ते खरं नसतं तर मला फार लागलं असतं. हे मला आत्ता, शेवट मोठ्यानं वाचायच्या आधी, कळायला हवं होतं. काचेपलीकडे मुलगी चहा घेऊन आली होती. मी तिला थांब अशी खूण केली, तशीच अनवाणी बाहेर आले आणि खिडकीपाशी उभी राहून दादाला फोन लावला.

“बोल, शेपूट.”

“दादा, ते पुस्तक वाचतेय. शेवटच्या प्रकरणाला आलेय.”

“मग? घसा बसला?”

“त्याचा शेवट काय होता रे?”

“मला विचारतेस? पन्नास वर्षं डोकं खाल्लंस माझं त्या शेवटानं. डावे बूट लपवतात, लंगडी घालतात, घरी येतात.”

“पुस्तकात तसं नाहीये.”

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

“असं,” दादा म्हणाला. मग त्याच्या आवाजात हसू यायला लागलं, आधी नाकात आणि मग घशात. “आत्ता कळलं होय तुला? अगं, लोक बोलले नाहीत का कधी?”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“मीच आधी वाचलं होतं ना. तुला दाखवायच्या आधी मी वाचून ठेवायचो, तू मध्येच शंका काढायचीस म्हणून. तो शेवट न्हाणीघरात बसून वाचला. रडलो सुद्धा. वहिनीला सांगू नकोस.”

“आणि पानं?”

“फाडली.”

“फाडून टाकलीस कुठे?”

“बुटात.”

“बुटात म्हणजे?”

“बाबांनी बूट एक नंबर मोठे नव्हते का घेतले? टाच निघायची. पुढे बोटांपाशी कोंबायला कागद पाहिजेच होता. एका दगडात दोन पक्षी.”

मला पुढचं विचारायच्या आधीच कळलं होतं, तरी मी विचारलं. “कुठल्या बुटात?”

“डाव्या. उजवा पाय माझा जात्याच थोरला आहे, तो भरायचा.”

“म्हणजे टाकीत...”

“मग! बाकीच्यांच्या बुटांबरोबर माझाही. लगदा झाला असणार त्याचा. बूट सापडेस्तोवर सगळी शाळा ते पाणी प्यायली. तुझ्या त्या लेखकाचा शेवट हेडमास्तरांसकट सगळ्यांच्या पोटात गेला.”

मी हसले. अशी हसले, की रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं वर पाहिलं. मग हसता हसता विचारलं, कारण हसताना विचारलं तरच विचारता आलं असतं. “दादा, पण तू परत आलास तो मुद्दाम का?”

“छे, तिथलं जेवण वाईट होतं.”

“खरं सांग.”

पलीकडे खुर्ची करकरली, तो सरळ बसला. दादा सरळ बसला की तो नीट बोलणार असतो. असं फार थोड्या वेळा झालंय. “तू पायरीवर बसणार होतीस,” तो म्हणाला. “मला ठाऊक होतं ना तुझं. खुळ्यासारखी बसून राहिली असतीस, त्या पुस्तकातल्या पोरीसारखी. मी तर तुला सांगून बसलो होतो, घरी येतात म्हणून. मग यायला नको? आता कसं यायचं, हे काही कळेना. अकरा वर्षांच्या पोराला किती युक्त्या येणार? मला एकच येत होती, तीही माझीच.”

मी घसा खाकरला. सफरचंद, कोमट पाणी, काही उपयोग झाला नसता.

“आता काय,” दादा म्हणाला, “खरा वाचणार?”

“वाचावाच लागेल रे. पुस्तक आहे ते.”

“वाच की. मी आता मोठा झालोय.”

मी आत आले. मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाली, “ताई, रडू नका हं, नाक चोंदेल.” मी म्हटलं, मी रडत नाहीये, आणि ते खरं होतं की नाही मला माहीत नाही, पण मला इतकं हलकं वाटत होतं की खुर्चीवर बसताना मी खुर्ची आहे ना ते पाहिलं. मग मी तो शेवट वाचला, जसा छापलाय तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. इतकं बरं मी कधी वाचलं नसेल. त्या लेखकानं जे दुःख लिहिलं होतं ते मी त्याला पूर्ण देऊन टाकलं, हात आखडला नाही, कारण मला त्यातलं काही ठेवून घ्यायचं नव्हतं. बहीण पायरीवर बसली. मी हळू वाचलं. तिनं पावलं ऐकली. मी थांबले. तिनं ऐकायचं सोडलं, आणि मी पानावरून बोट उचललं. काचेपलीकडे मुलगी डोळे पुसत होती. मी तिच्याकडे बघून हसले, तेव्हा तिला वाटलं असणार की बाई निगरगट्ट आहे. तिला काय सांगायचं, की त्या पानांचा लगदा मला डोळ्यांपुढे दिसत होता, टाकीच्या तळाशी, पाचसहा डझन बुटांत. निघताना तिनं माझ्या हातात पेनड्राइव्हची एक छोटी डबी ठेवली. “ते तुम्ही आधी म्हणालात ना, डाव्या बुटांचं, ते कापलंय. पण पुसलं नाहीये. आजच्या प्रकरणासोबत तेही यात आहे.” मी टाळी वाजवेपर्यंत बरंच बोलून गेले होते म्हणे, ती ऐकत बसली होती, अडवायचं विसरून.

संध्याकाळी मी दादाकडे गेले तर तो खाली, इमारतीच्या पायरीवर बसलेला. “पावलं ऐकत होतो,” तो म्हणाला. “तू उजवा पाय ओढतेस अलीकडे, गुडघा डॉक्टरला दाखव.” वर गेल्यावर वहिनीनं चहा ठेवला आणि आम्ही दोन्ही शेवट ऐकले. आधी पुस्तकातला. दादा मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, “बरं लिहिलंय. पण चुकीचं आहे.” मग मी दुसरा लावला. माझ्या आवाजात त्याचे बूट निघाले, त्याची टाकी, त्याची थप्प-खाड्. तो ओठ हलवत होता. एका जागी मला अडवून म्हणाला, “इथे तू एक वाक्य खाल्लंस. दुर्बिणीचं.” आणि त्यानं ते म्हणून दाखवलं, स्वल्पविराम गिळून, नाक ओढून, थुंकी उडवत. वहिनी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, साठीतली दोन माणसं, आणि हसतायत कशाला.

उजेड गेला तशी मी निघाले. पिशवी घेतली, दाराबाहेर आले. एकच चप्पल होती, उजवी. नेहमीसारखी मी वाकले, कपाटाखाली हात घालणार, बादलीत बघणार, ओरडणार होते. मग सरळ उभी राहिले. उजवी चप्पल हातात घेतली, आत गेले आणि दादाच्या मांडीवर ठेवली.

“ही पण ठेव,” मी म्हटलं.

दादानं ती चाचपून पाहिली, उजवीच आहे याची खात्री करून घेतली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “अगं, शेपूट राहतेय गं आज!”